किल्ली मिळाली, पुढे काय?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपली जुनी माणसे सांगत आली. लग्नाचे कर्ज दोन-चार सुगीत कसेबसे फिटते. घराचे काम मात्र एकदा अंगावर घेतले की माणूस बांधतच राहतो. यंदा भिंती, पुढच्या साली पत्रे, त्याच्या पुढच्या साली गिलावा.

तसा घर हा माझा विषय नव्हे. मी शेतीचा पदवीधर. बियाणे, खते, कीड-रोग आणि ठिबकचे प्रस्ताव यांत नोकरीची बहुतेक वर्षे गेली. पण पंचायत समितीत माझ्या टेबलापासून चार हातांवर घरकुलाचे टेबल असते. तिथले साहेब दौऱ्यावर गेले की माणसे माझ्याकडे वळतात. "साहेब, तुरीचं राहू द्या, आमच्या घरकुलाचं काय झालं ते बघा की." असे करता करता घराविषयी बरेच ऐकायला मिळाले आणि बरेच डोळ्यांनी पाहिलेही.

पूर्वी गावात घर उठायचे ते भावकीच्या आणि बलुतेदारांच्या हातांनी. सुतार खांब-तुळया करी, वडार दगड घडवी, माती घरची आणि शेण गोठ्यातले. गरिबाला घर बांधून देणारी वेगळी संस्था अशी कोणी नव्हती. आज सरकार आहे, धर्मादाय मंडळे आहेत, मोठ्या कंपन्या आहेत, सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत, कामगारांच्या संघटनासुद्धा आहेत. सरकारची इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली आणि २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. घरे बांधून देणारे वाढले, घरेही वाढली. चांगले झाले, त्यात वाद नाही. पण या संस्थांचे मोजमाप मी किल्ली वाटपाच्या दिवशी करीत नाही. मांडवातली फुले ताजी असतात तेव्हा सगळीच घरे छान दिसतात. दहा-वीस पावसाळे गेल्यावर तिथे जावे आणि घरातल्या बाईला विचारावे, की बाई, कसे चालले आहे?

ही सवय मला लागली ती किल्लारीच्या भूकंपापासून. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपलेली. चारच्या सुमारास जमीन हलली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मी तेव्हा लातूरला कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो. आम्हा पोरांना मदतीला नेले. काय पाहिले ते इथे लिहीत नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरचीच माणसे त्यात होती.

एवढेच सांगतो की माणसे मारली ती घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, आतल्या बाजूला दगड, बाहेरच्या बाजूला दगड आणि मध्ये माती-कपच्यांचा भराव. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड फारसा कुठे नव्हता. वर माळवदाची माती, दरवर्षी गळती थांबवायला आणखी टाकलेली. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा दुसरा नाही, पण भिंत फुटली की सगळे ओझे झोपलेल्या माणसावर. बऱ्याच ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या होत्या, भिंती तेवढ्या ढासळल्या होत्या. सुताराचे काम टिकले. दगडाला बांधून ठेवणारे काहीच नव्हते.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. जागतिक बँकेचे कर्ज आले. सरकारबरोबर देशभरच्या संस्था, कंपन्या, वर्तमानपत्रे, धर्मादाय मंडळे धावून आली आणि एकेका संस्थेने एकेक गाव घेतले. एवढी घरे एवढ्या थोड्या वर्षांत बांधणे सोपे नव्हते. ज्यांनी ती बांधली त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५० पर्यंत. आखलेले रुंद रस्ते आणि ओळीने घरे.

नोकरी लागल्यावर त्या भागात माझे जाणे-येणे राहिले. नव्या गावातल्या एका म्हातारीने मला बाजेवर बसवून चहा दिला आणि म्हणाली, "घर दिलंय लेकरा, देणाऱ्याचं भलं होवो. पर म्हस कुटं बांधू ते कुनी इचारलं न्हाई."

ती म्हणाली ते सगळ्या गावाचेच होते. जुन्या वाड्यात दारातून आत आले की ढाळज लागे. तिथे पाहुणा बसे, तिथेच म्हातारा निजे आणि आल्यागेल्यावर नजर ठेवी. मग चौक, एका अंगाला जनावरे, वर कडब्याला जागा, भिंतीत किंवा खोलीत बळद, त्यात वर्षाची ज्वारी. शेतकऱ्याचे घर म्हणजे निम्मे गोदाम आणि निम्मा गोठा, माणसे उरलेल्या जागेत राहतात. नव्या घराचा नकाशा काढणाऱ्याला हे ठाऊक असायचे कारण नव्हते. त्याने दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी असे शहरी घर काढले आणि खरोखर मजबूत बांधले. पण ज्वारीची पोती कुठे ठेवायची? बैल कुठे बांधायचे? शेत आधीच लांब, आता आणखी लांब. शेजार तुटला. घरे पांगल्याने रात्री हाक मारली तर शेजारच्याला ऐकू जाईना.

मग माणसांनी आपल्या अकलेने वाट काढली. घराला टेकून गोठा काढला, खोली वाढवली. आणि कशाने वाढवली? जुन्या गावातून गाड्या भरून आणलेल्या दगडांनी आणि मातीने! ज्या बांधणीने माणसे मारली तीच बांधणी मजबूत घराला चिकटून पुन्हा उभी राहिली. भीती विसरली म्हणून असे घडले नाही. गरज होती, हाताशी दगड होता, आणि घर बांधून देणारी संस्था फलक लावून, किल्ल्या देऊन केव्हाच आपल्या गावी परत गेली होती. विचारायचे कोणाला?

त्याच पुनर्वसनात दुसरे एक काम झाले, त्याची चर्चा कमी होते. जी गावे हलवायची नव्हती पण जिथली घरे तडकली होती, तिथे घरमालकानेच आपले घर दुरुस्त करायचे असे ठरले. पैसे त्याच्या खात्यावर हप्त्याने, इंजिनिअरने दाखवायचे, गवंडी त्याने आणायचा. अशी दीड लाखांहून अधिक घरे दुरुस्त आणि बळकट झाली. जाड भिंतीला आरपार भोके पाडून त्यांत सळई-काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना धरतात. दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना पट्टा फिरवायचा. या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. बाप्ये मंडळी सिमेंटच्या पोत्यांचे हिशेब चावडीवर करीत, पण पट्टा पडला की नाही, भोके बुजवली की नुसता वरून गिलावा मारला, यावर नजर बायकांची. घरात दिवसभर राहणार त्याच, तेव्हा भिंतीची काळजी त्यांना जास्त. त्या गावांतल्या बायकांना आजही भिंतीविषयी विचारा, त्या इंजिनिअरसारखे बोलतात. घरे साधी, जुनीच. पण तडा गेला तर काय करायचे हे तिथल्या माणसाला कळते, आणि माझ्या लेखी हे फार मोठे आहे.

आता आमच्या सोलापूरकडे येतो. अक्कलकोट रस्त्याला शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी गाव आहे. आजूबाजूला ज्वारी-तुरीची राने, आणि त्यांच्या मध्ये हजारो घरांची वसाहत. विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेची ही घरे. संस्थेला नाव दिले कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचे, ज्यांनी ठाणे जिल्ह्यात वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. आणि संस्थेमागे उभे राहिले माजी आमदार नरसय्या आडम, ज्यांना सारे सोलापूर आडम मास्तर म्हणते. त्यांचे राजकारण तुम्हाला पटो न पटो, मलाही सगळे पटते असे नाही, पण काम डोळ्यांसमोर आहे.

विडी वळणारी बाई म्हणजे काय ते आपल्या शेतकरी बायकांना सांगायला हवे. कारखान्याच्या शाखेतून पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, पाने भिजवायची, कापायची, वळायची. हजार विड्यांवर मजुरी. दिवसभर मान खाली. ही बाई शहरात एका खोलीत भाड्याने राहणार. तिच्याकडे पगारपत्रक नाही, तारण ठेवायला गुंठा नाही. एकटी बँकेत गेली तर तिला दारातला शिपाईच परत पाठवील. पण तिच्याकडे विडी कामगाराचे ओळखपत्र होते, भविष्यनिर्वाह निधीचे खाते होते, आणि तिच्यासारख्या हजारो जणी होत्या. त्यांची संस्था झाली. घराचा हिशेब ६० हजारांचा. त्यात २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे आणि २० हजार बाईचे स्वतःचे. वर्षानुवर्षे मोर्चे, अर्ज, बैठका झाल्या आणि १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांचे वाटप झाले. दहा हजार घरे!

त्या यशाने धीर आला आणि पुढे त्याच कुंभारीत ३० हजार घरांचे रे नगर हाती घेतले. विडी कामगार, यंत्रमागावरचे कामगार, शिलाई करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, रिक्षावाले असे असंघटित लोक त्याचे सभासद. पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली आणि पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण त्यांच्याच हस्ते १९ जानेवारी २०२४ रोजी. केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, बाकीचे कामगाराचे. बाकीचे म्हणजे मुख्यतः कर्ज. इथे पहिल्या वसाहतीपेक्षा गाठ अवघड आहे. तेव्हाचे २० हजार साठवणे जड होते पण आवाक्यात होते. आता हप्ता काही वर्षे दर महिन्याला भरायचा, आणि रोज हातावर पोट असलेल्याचा महिना कधी भरतो, कधी भरत नाही.

पहिली घरे जमिनीवरची, बैठी. दाराशी बसून विड्या वळता येतात, एखादी शेळी बांधता येते, वर एक खोली चढवता येते. नवी घरे मजल्यांची. मजल्यांच्या घरात जिना सामाईक, टाकी सामाईक, पंप सामाईक, सांडपाण्याची वाहिनी सामाईक. पंप जळला तर वर्गणी कोणी काढायची? तळमजल्यावरचा म्हणतो, मला पाणी येते. वरचा म्हणतो, माझे घर अजून बंद आहे, मी का देऊ? मुंबईत सारस्वत मंडळींनी गावदेवीला १९१५ मध्ये सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, तेव्हापासून देखभाल-निधी हा सहकारी घरांचा कणा आहे. पगारदार माणूस कुरकुरत का होईना दरमहा तो भरतो. विडीच्या मजुरीतून तो कसा काढायचा, याचे उत्तर कोणत्याही योजनेच्या पुस्तकात नाही. ते संस्थेच्या बैठकीतच निघायचे.

आणि मजुरी कुठे? घर कुंभारीला, काम सोलापुरात. जाण्यायेण्याचे भाडे मजुरीतून वजा होते. घर स्वस्त पडावे म्हणून जमीन शहराबाहेर घ्यावी लागते, आणि शहराबाहेर घर म्हटले की रस्ता, बस, शाळा, दवाखाना आणि पाणी मागोमाग न्यावे लागते. एवढे असूनही मी कुंभारीला मान देतो, कारण तिथे संघटना गावी परत गेलेली नाही. भांडायला, अर्ज लिहायला, तहसीलवर मोर्चा न्यायला कोणीतरी तिथे आहे. बायका संस्थेला नावे ठेवतात, हेही मी ऐकले आहे. ज्या संस्थेला नावे ठेवायला ती जागेवर सापडते, ती बरी.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे शहराचे झाले, आमच्या गावाचे काय?

गावात सहकारी सोसायटी पीककर्ज देते, डेअरी दूध घेते, कारखाना ऊस नेतो. आपला शेतकरी सहकारात मुरलेला आहे. पण गावात घरासाठी संस्था काढलेली तुम्ही किती पाहिली? मला तरी शोधून सापडत नाही. एक कारण उघड आहे. पीककर्ज सुगीला फिटते, घर काही पिकत नाही. दुसरे कारण कागदाचे. शेताला सातबारा आहे, गावठाणातल्या घराला मात्र नुसता ग्रामपंचायतीचा नमुना ८. त्यावर बँक कर्ज द्यायला नाखूश. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके तयार होऊ लागली. ज्यांची झाली असतील त्यांनी ती आणून जपून ठेवावीत. भाऊ-भाऊ गोडीत आहेत तोवर नावे नीट लावून घ्यावीत.

घरकुल हे तर एकेकट्याचे. यादीत नाव एकट्याचे, हप्ता एकट्याच्या खात्यावर, फोटो एकट्याच्या भिंतीचा. हिशेब करून पाहा. घर २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फूट. बांधकामाला फुटाला दीड हजार रुपये धरले तरी चार लाख होतात. केंद्राच्या योजनेत मैदानी भागासाठी २०१६ ला १ लाख २० हजार ठरले. २०२४ मध्ये योजना पाच वर्षांनी वाढली, आणखी दोन कोटी घरे मंजूर झाली, पण हा आकडा तोच राहिला. मधल्या काळात सिमेंट, सळई आणि गवंड्याची हजेरी कुठल्या कुठे गेली. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८ हजार. शौचालयाचे १२ हजार. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातला काही भाग छतावरच्या सौर संचासाठी. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत द्यायचेही ठरले. हे सगळे पदरात पडले तर दोन लाखांच्या आसपास जाते. उरलेले दोन लाख? ते शेळ्या विकून, सोने मोडून, सावकाराकडून. म्हणूनच गावोगाव लिंटलपर्यंत येऊन थांबलेल्या भिंती दिसतात. बाहेरचा माणूस म्हणतो, आळशी लोक. आळस नव्हे, ते दोन लाख आहेत.

ज्यांना जागाच नाही त्यांचे आणखी निराळे. जागा विकत घ्यायला सरकारची मदत आहे, पूर्वी ५० हजारांपर्यंत होती, पुढे एक लाखापर्यंत वाढली. पण विकणारा पाहिजे ना! भूमिहीनाला गावठाणाजवळ अर्धा गुंठा द्यायला कोणी तयार होत नाही. पैसे आहेत आणि जागा नाही, असे मी कितीदा पाहिले.

माझ्या विषयातले थोडे सांगतो, कारण ते घरकुलाच्या पत्रकात सापडायचे नाही. आमच्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या गुणामुळे तिच्यात ओल टिकून पाऊस गेल्यावरही शाळू पिकतो, त्याच गुणामुळे वरच्या भिंतीला तडा जातो. तेव्हा दोन फूट खणून काळ्या मातीतच पाया भरू नका. मुरूम लागेपर्यंत खणा. काळी फारच खोल असेल तर ती काढून थरावर थर मुरूम टाका, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसा. जोत्याच्या पातळीला सळई-काँक्रीटचा पट्टा चारही बाजूंनी फिरवा. पागोळ्यांचे आणि मोरीचे पाणी पायात मुरू देऊ नका, भिंतीच्या बाहेरून हातभर रुंद उताराची फरशी करा. भिंतीला खेटून झाड लावू नका, ते उन्हाळ्यात मातीतली ओल ओढते आणि तिथेच भिंत खचते. पैसे तुटपुंजे असतील तर गिलावा आणि रंग नंतर करा. पायातून मात्र रुपया वाचवू नका, तो नंतर सुधारता येत नाही.

आता एका गावची गोष्ट. नाव सांगत नाही. एका वर्षी तिथे नऊ घरकुले मंजूर झाली. नऊ जणींपैकी सात एकाच बचत गटातल्या. गटाच्या अध्यक्षबाई तिसरी शिकलेल्या, पण व्यवहाराला पक्क्या. त्यांनी नऊ जणींना एकत्र बसवले. सिमेंट आणि सळई एकदम घेतली, दुकानदाराने भाव कमी केला आणि माल जागेवर टाकला. गवंडी एकच ठरवला. तो एका घराचा पाया भरी, तो पिके तोवर दुसऱ्याचा. खणायला सगळ्या घरची माणसे. ज्यांचा हप्ता यायला उशीर झाला त्यांना गटाने उसने दिले. भांडणे झाली, ती कशी नाही होणार? आधी कोणाचे, यावर दोघींचे महिनाभर बोलणे बंद होते. एकीच्या नवऱ्याने उसने घेतलेले पैसे भाचीच्या लग्नात घातले आणि गटाची चांगलीच ओढाताण झाली. हिशेबाची वही कोणी धरायची यावरून तर दरवेळी एकमेकींकडे बोट. तरी मिरगाच्या आधी सहा घरांवर स्लॅब पडला आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन घरांवर. एकट्याने बांधणाऱ्यांच्या मानाने खर्चही कमी आला.

नववे घर अजून तसेच आहे. त्या बाईचे नाव यादीत नव्हते, तिच्या नवऱ्याचे होते. दुसरा हप्ता मिळाला, भिंती लिंटलपर्यंत आल्या आणि नवरा गेला. मग वारस नोंद, मग नाव बदलणे, मग बँकेचे खाते. एका टेबलावरून दुसऱ्यावर कागद जायला तीन पावसाळे लागले. भिंतींच्या आत गवत उगवले. दोन मुले आणि सासू घेऊन ती त्या भिंतींना टेकून उभ्या केलेल्या पत्र्याखाली राहते. दिवसा रोजाने जाते आणि संध्याकाळी उघड्या भिंतींच्या आत चूल मांडते. मला एकदा म्हणाली, "साहेब, घर मिळालंय असं समद्या गावाच्या तोंडी हाय. आता कुणापुढं हात पसरायची बी सोय न्हाई."

तिचे नाव आता लागले आहे. पण हप्त्याची रक्कम जुनीच, आणि सळईचा भाव तीन वर्षांनी पुढे गेलेला. गटाच्या बायकांनी मागच्या महिन्यात बैठक घेतली. मी खरिपाचे बियाणे सांगायला गेलो होतो, ते बाजूलाच राहिले. आठही जणींनी आपापल्या घरातून दोन-दोन दिवसांचे काम द्यायचे कबूल केले. सेंट्रिंगच्या फळ्या एकीच्या भावाकडे आहेत, तो भाडे घेणार नाही. गवंडी म्हणतो, मला निम्मे आता आणि निम्मे दिवाळीला द्या. तुटीच्या रकमेवर बरीच घासाघीस झाली. जिच्या नवऱ्याने पैसे लग्नात घातले होते, तिनेच आधी हजार रुपये वहीत लिहायला सांगितले. मग बाकीच्यांना गप्प बसता येईना.

लिंटलच्या वरच्या भिंतीला पट्टा आधी घालायचा की थेट स्लॅब, यावर गवंडी आणि अध्यक्षबाई यांचे एकमत होईना. मी पट्ट्याच्या बाजूने बोललो. स्लॅब भरायच्या दिवशी पाण्याचा टँकर लागेल, गावच्या विहिरीला उन्हाळ्यात तेवढे पाणी नसते. टँकर कोणी सांगायचा, एवढे ठरायचे राहिले आहे.